ओसरीवरून : पन्नास हजार डॉलरांचा खेळ

गेल्या रविवारीं सायंकाळीं आमच्या ओसरीवर एक लहानसा वाद झाला. माझ्या पुतण्याचा मुलगा दूरचित्रवाणीवर परदेशांतील गोल्फचा सामना पाहत बसला होता. विजेत्यास मिळावयाच्या बक्षिसाचा आंकडा पडद्यावर येतांच त्यानें तो मोठ्यानें वाचून दाखविला. झोपाळ्यावर बसलेले आमचे नाना, म्हणजे माझे वडीलबंधु, तो ऐकून म्हणाले, "खेळांत पैसा शिरला कीं खेळ बाटलाच म्हणून समजावें!" मुलानें माझ्याकडे वळून विचारलें, "अण्णाआजोबा, पैसा नव्हता तेव्हां खेळ शुद्ध होता का हो?"

या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ तयार होतें. शाळेंत असतांना तें मीं कितीतरी वर्षें मुलांना दिलें आहे. क्रीडा ही क्रीडेसाठींच असावी. जो मैदानावर उतरण्यापूर्वीं मोबदला विचारतो तो खेळाडू नव्हे, मोलकरी होय, असें मी बजावून सांगत असें. परंतु या खेपेस तें उत्तर ओठांवर येऊनहि बाहेर पडेना. कारण अमेरिकेंतील एका जुन्या गोल्फस्पर्धेची हकीकत अलीकडेच माझ्या वाचण्यांत आली होती. ती स्पर्धा १९४६ सालीं सुरू झाली आणि १९५७ नंतर पुन्हां भरली नाहीं. एवढ्या अल्पायुषी स्पर्धेनें माझ्या जुन्या उत्तराची गांठ सैल केली होती. ती हकीकत मीं त्या मुलास सांगितली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

ज्या घरांत गोल्फ कोणी खेळत नाहीं, (आणि आमचें घर त्यांतलेंच,) तेथें प्रथम खेळाची ओळख करून दिली पाहिजे. विस्तीर्ण हिरवळीवर दूरदूर अठरा ठिकाणीं, मुलांच्या गोट्यांच्या खेळांत असते तशी, एकेक लहानशी गल केलेली असते. निरनिराळ्या काठ्यांनीं चेंडू टोलवीत टोलवीत त्या गलींत घालावयाचा. ज्यास कमी टोले लागतील तो जिंकला. मोठ्या स्पर्धेंत अशा चार फेऱ्या, म्हणजे एकंदर बहात्तर गली, खेळाव्या लागतात. या खेळास मैदान फार मोठें लागतें, तें राखण्यास खर्च फार येतो, आणि म्हणून तो बहुधा सभासदांची वर्गणी घेणाऱ्या श्रीमंत क्लबांच्या आवारांत वाढला. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणाऱ्या पोऱ्यास 'कॅडी' म्हणतात. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

शिकागो शहराजवळ नाइल्स नांवाचें एक गांव आहे. तेथें 'टॅम ओ'शँटर' या नांवाचा क्लब होता. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या एका प्रसिद्ध कवितेचा नायक या नांवाचा आहे. दारू पिऊन रात्रीं घरीं निघालेला हा गडी चेटकिणींच्या नाचांत जाऊन सांपडतो. क्लबाचें नांव असें रंगेल, आणि त्याचे चालक जॉर्ज एस. मे हे त्याहूनहि रंगेल. तरुणपणीं त्यांनीं बायबलच्या प्रती विकल्या. पुढें १९२५ सालीं त्यांनीं एक पेढी काढिली. कारखानदारांनीं व व्यापाऱ्यांनीं थोडक्या वेळांत व थोडक्या खर्चांत अधिक काम कसें करावें याचा सल्ला ही पेढी देई. त्यांत त्यांनीं पुष्कळ पैसा मिळविला. भडक रंगांचे, चित्राविचित्र सदरे घालून ते मैदानावर हिंडत. अशा गृहस्थांस कोणी चार गंभीर सभासदांनीं क्लबाचे चालक कसें होऊं दिलें, असें आपणांस वाटेल. पण पैशाची थैली ज्याची, त्याच्या सदऱ्याकडे लोक फारसें पाहत नाहींत.

मे यांनीं १९४१ सालीं 'ऑल अमेरिकन ओपन' ही स्पर्धा सुरू केली आणि १९४६ सालीं तिच्या जोडीस 'वर्ल्ड चँपियनशिप' म्हणून दुसरी काढिली. पहिल्या वर्षीं निवडक खेळाडूंचा लहानसाच सामना होता. जिंकणाऱ्यास दहा हजार डॉलर आणि बाकीच्यांस कांहीं नाहीं, असा करार. सॅम स्नीड यांनीं ते जिंकले. पुढें १९५२ सालीं पहिलें बक्षीस २५,००० डॉलरांचें झालें, आणि १९५४ सालीं तें एकदम ५०,००० डॉलरांवर गेलें. हा आंकडा त्या काळीं केवढा होता हें समजण्यास एकच तुलना पुरे. अमेरिकेंतील अत्यंत प्रतिष्ठेची स्पर्धा जी यू. एस. ओपन, ती १९५३ सालीं बेन होगन यांनीं जिंकली, तेव्हां त्यांच्या हातीं ५,००० डॉलर पडले. १९५२ पासून १९५७ पर्यंत सहाहि वर्षीं, मे यांची ही स्पर्धा ज्यानें जिंकली तोच त्या वर्षीं बक्षिसांच्या प्राप्तींत साऱ्या अमेरिकन धंदेवाईक खेळाडूंत पहिला ठरला. ज्युलियस बोरोस दोनदां, आणि लू वर्शम, बॉब टॉस्की, टेड क्रोल व डिक मेयर प्रत्येकीं एकदां. इतर स्पर्धांतून वर्षभर घाम गाळून जें मिळेल तें एका बाजूस, आणि नाइल्स येथील हा एक आठवडा दुसऱ्या बाजूस!

पैशाच्या जोडीला तमाशाहि होताच. गोल्फ हा खेळ तोंवर कुजबुजत पाहण्याचा होता. मे यांनीं प्रेक्षकांसाठीं मोठमोठ्या पायऱ्यांचे मंडप उभारले, तिकीट सामान्य माणसास परवडेल असें ठेविलें, आणि कोणता खेळाडू कोणता हें लोकांस कळावें म्हणून खेळाडूंनीं पाठीवर आंकडे लावावे असा आग्रह धरिला. खेळाडूंस तें अपमानास्पद वाटलें व त्यावरून तंटे झाले. एकदां तर तोंडावर बुरखा घातलेला एक खेळाडू मैदानावर उतरविण्यांत आला! याच मैदानावर स्त्रियांच्याहि स्पर्धा होत. १९३२ च्या ऑलिंपिकमध्यें मैदानी खेळांत दोन सुवर्णपदकें मिळविणाऱ्या बेब झहारियस आणि गोल्फमधील नामांकित पॅटी बर्ग, या दोघींनीं त्या एकाहून अधिक वेळां जिंकल्या.

१९५३ सालीं मे यांनीं आणखी एक धाडस केलें. अंतिम दिवसाचा खेळ दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशभर दाखविण्याची व्यवस्था त्यांनीं केली, आणि ती फुकट झाली नाहीं. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीस त्यांनींच पैसे मोजले. गोल्फचा सामना राष्ट्रीय प्रक्षेपणांत दिसण्याचा अमेरिकेंतील तो पहिलाच प्रसंग. शेवटच्या गलीजवळच्या मंडपावर कॅमेरा ठेविला होता. चँडलर हार्पर यांनीं २७९ टोल्यांत खेळ संपविला होता व लोक त्यांचें अभिनंदन करूं लागले होते. मैदानांत अजून लू वर्शम उरले होते. शेवटच्या गलीस त्यांना तीन टोले लागले तर बरोबरी होणार होती. पहिला टोला चांगला बसला. गल अजून सुमारें शंभर यार्डांवर होती. दुसरा टोला त्यांनीं मारला, चेंडू हिरवळीवर पडला, घरंगळत गेला, आणि सरळ गलींत दिसेनासा झाला! दोनच टोले, एकंदर २७८, आणि २५,००० डॉलर. हार्पर यांस दुसऱ्या क्रमांकाचे १०,००० मिळाले. घरोघर बसलेल्या लाखों लोकांनीं तो टोला पाहिला. पुढच्याच वर्षीं यू. एस. ओपन देखील देशभर दाखविण्यांत आली. आज आमचा मुलगा ओसरीवर बसून जो खेळ पाहतो, त्याची वाट त्या दिवशीं मोकळी झाली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथपर्यंत ऐकून नाना म्हणाले, "मग मीं काय म्हटलें? हा खेळ नव्हे, जत्रा झाली." मीं म्हटलें, "जत्राच. परंतु नाना, जत्रेस दरवाजा नसतो, आणि दुसरीकडे दरवाजे कसे होते तें आतां ऐका."

अमेरिकेंतील धंदेवाईक गोल्फ खेळाडूंची संघटना पी. जी. ए. ही १९१६ सालीं स्थापन झाली. तिच्या घटनेंत १९३४ सालीं असें कलम घालण्यांत आलें कीं, केवळ गोऱ्या वंशाच्या माणसासच सभासद होतां येईल. सभासदत्व नाहीं म्हणजे बहुतेक स्पर्धांत प्रवेश नाहीं, आणि क्लबांत शिक्षकाची नोकरीहि दुर्मिळ. मौज अशी कीं, याच क्लबांतून काठ्या वाहणारे पुष्कळ कॅडी कृष्णवर्णीय होते. ते मालकाच्या मागून पिशवी घेऊन चालत, खेळ पाहून शिकत, आणि सुटीच्या दिवशीं किंवा अंधार पडण्यापूर्वीं चोरूनमारून खेळत. खेळांत हात बसला म्हणजे त्यांना कळे कीं, पिशवी खांद्यावर असेल तर हिरवळ मोकळी आहे. काठी हातांत घेतली कीं ती बंद!

१९४२ सालीं महायुद्धामुळें यू. एस. ओपन झाली नाहीं. तिच्या जागीं शिकागो येथेंच रिजमूर क्लबाच्या मैदानावर 'हेल अमेरिका' नांवाची स्पर्धा भरली. देशाच्या संकटकाळीं निधि जमविण्यासाठीं ही योजना होती. परंतु कृष्णवर्णीय खेळाडूंस त्या मैदानावर उतरूं देण्यास नकार मिळाला. त्याच वर्षीं, त्याच शहराजवळ, मे यांनीं आपल्या स्पर्धेचें दार त्यांना उघडें केलें. पुढें मुष्टियुद्धांतील जगज्जेता जो लुई हा हौशी म्हणून तेथें गोल्फ खेळला. जो लुईनें आपला शिक्षक म्हणून ठेविलेला टेड ऱ्होड्स हा लहानपणीं नॅशव्हिल येथें कॅडी होता. तोहि येथें खेळला. अशा प्रकारें दार मोकळें ठेवणाऱ्या मोठ्या स्पर्धा अमेरिकेंत बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

मे यांचा हेतु परमार्थाचा होता असें मी म्हणत नाहीं. त्यांस तिकिटें खपवावयाचीं होतीं, गर्दी हवी होती, नांव हवें होतें. परंतु ज्या सद्गृहस्थांस ना तिकिटांची फिकीर होती ना गर्दीची, ज्यांचें वागणें अत्यंत सभ्य होतें, त्यांनीं आपलें दार बंद ठेविलें. आणि भडक सदऱ्याच्या दुकानदारानें तें उघडलें. ही गोष्ट माझ्या मनास टोंचली. शुद्धतेची भाषा कोण बोलत होतें, आणि तिचा उपयोग काय होत होता?

१९४८ च्या जानेवारींत लॉस एंजेलिस ओपनमध्यें टेड ऱ्होड्स व बिल स्पिलर हे दोघे पहिल्या साठांत आले. या स्थानामुळें कॅलिफोर्नियांतीलच रिचमंड येथील पुढच्या स्पर्धेस ते आपोआप पात्र ठरले. तेथें ते सरावास उतरले. आणि मग पी. जी. ए. च्या अधिकाऱ्यानें घटनेंतील कलम दाखवून त्यांस बाहेर काढिलें. त्यांनीं दावा लावला. संघटनेनें यापुढें भेदभाव करणार नाहीं असें आश्वासन देऊन तो आपसांत मिटविला. आणि पुढें काय केलें? स्पर्धांचें नांव बदललें! 'खुली' ऐवजीं 'खुली निमंत्रितांची' असें म्हटलें, म्हणजे नियम न दाखवितां, केवळ निमंत्रण न धाडतां, माणूस बाहेर ठेवितां येतो. नियमाचें अक्षर राखून त्याचा अर्थ कसा बुडवावा हें व्याकरण शिकविणाऱ्या माझ्यासारख्यासहि सुचलें नसतें.

इकडे मे यांच्या स्पर्धेचें काय झालें? खेळाडूंनीं भरावयाच्या प्रवेशशुल्कावरून त्यांचें व पी. जी. ए. चें बिनसलें आणि १९५८ सालीं त्यांनीं आपल्या स्पर्धा बंद केल्या. १९६२ सालीं ते वारले. तें मैदानहि पुढें विकलें गेलें. त्याच्या बऱ्याचशा भागावर कारखाने व गुदामें उभीं राहिलीं, आणि उरलेल्या तुकड्यावर आज नऊ गलींचें सार्वजनिक मैदान आहे. एका माणसाच्या मर्जीनें उघडलेलें दार त्याच्या मर्जीबरोबर मिटलें. उदारपणाच्या आधारावर मिळालेला प्रवेश हा किती कच्चा असतो, हें येथें दिसून आलें. ज्यांना तेथें खेळावयास मिळालें त्यांची त्या आठवड्यापुरती सोय झाली. कलम जेथल्या तेथें होतें.

तें कलम काढविण्यास बिल स्पिलरची चिकाटी कारणी लागली. हा मनुष्य महाविद्यालयीन पदवीधर होता आणि लॉस एंजेलिसच्या रेल्वेस्थानकावर त्यानें हमालीहि केली होती. १९५२ सालीं सॅन दिएगो येथील स्पर्धेंतून त्यास पुन्हां वगळण्यांत आलें. जो लुईस मात्र हौशी म्हणून खेळूं देण्यांत आलें. १९६० च्या सुमारास स्पिलर एका क्लबांत कॅडीचें काम करीत होता. ज्यांच्या काठ्या तो वाही त्या एका सभासदानें त्यास विचारलें कीं, एवढा चांगला खेळ येत असतांना तूं हें काम कां करतोस? स्पिलरनें कारण सांगितलें. त्या गृहस्थांनीं तें कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्या कानांवर घातलें. मॉस्क यांनीं पी. जी. ए. ला बजावलें कीं, हें कलम असेपर्यंत आमच्या राज्यांतील सार्वजनिक मैदानें तुम्हांस वापरतां येणार नाहींत. लॉस एंजेलिस येथें ठरलेली १९६२ ची पी. जी. ए. स्पर्धा संघटनेनें फिलाडेल्फियाजवळ हलविली. पण अखेर १९६१ च्या नोव्हेंबरांत तें कलम काढून टाकण्यांत आलें. सत्तावीस वर्षें तें टिकलें होतें.

तोंवर ऱ्होड्स आणि स्पिलर दोघेहि अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले होते. त्यांच्याहून लहान असलेल्या चार्ली सिफर्ड यास १९६७ सालीं हार्टफर्ड येथें व १९६९ सालीं लॉस एंजेलिस येथें विजय मिळाले, आणि २०१४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें सर्वोच्च नागरी सन्मानहि मिळाला. ऱ्होड्स १९६९ सालीं व स्पिलर १९८८ सालीं निधन पावले. पी. जी. ए. नें २००९ सालीं या दोघांस मरणोत्तर सभासदत्व दिलें. जें हातपाय चालत असतांना मागितलें होतें, तें चितेची राख थंड झाल्यावर दिलें!

हकीकत संपली. मुलगा गप्प होता. आमच्या वहिनी भाजी निवडीत आंतबाहेर करीत होत्या; त्या उंबऱ्याशीं थांबून म्हणाल्या, "भावोजी, हें सारें सांगतांना तुम्ही मधूनच अडखळत कां होतां?" तेव्हां मला जें सांगावें लागलें, तें वाचकांपासूनहि लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

शाळेंत कांहीं वर्षें क्रिकेटच्या संघाची व्यवस्था माझ्याकडे होती. एक मुलगा उत्तम गोलंदाज होता. वडील नव्हते, आई चार घरीं कामें करी. सुटीच्या दिवशीं तो एका कारखान्याच्या संघाकडून खेळतो व त्याबद्दल त्यास जेवण आणि थोडे पैसे मिळतात, असें माझ्या कानांवर आलें. मीं त्यास बोलावून 'धंदेवाईक खेळाडू शालेय संघांत चालत नाहीं' असें सांगितलें आणि यादींतील त्याचें नांव तांबड्या शाईनें खोडलें. असा नियम कोणत्याहि खात्यानें केलेला नव्हता. तो माझाच होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत असे. त्याच संघांत दुसरा एक मुलगा होता. त्याच्या चुलत्यांनीं त्यास बॅट, पॅड सारें घेऊन दिलें होतें, शिकविण्यास माणूस ठेविला होता. तो शुद्ध हौशी! खोडलेल्या मुलानें वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळेचा सदरा धुवून, घडी करून, त्यानें माझ्या टेबलावर आणून ठेविला आणि तो निघून गेला. त्याच्या घडीकडे पाहून मीं इतर मुलांस शिस्तीचें उदाहरण म्हणून सांगितल्याचें मला आठवतें.

"त्या पैशाचें तो काय करीत असे, हें विचारलें होतेंत का?" वहिनींनीं विचारलें. मीं विचारलें नव्हतें.

पैशानें खेळांत दोष येत नाहींत असें मला सुचवावयाचें नाहीं. बक्षिसाच्या लोभानें माणसें खोटें खेळतात, खेळ विकतात, हें आपण वृत्तपत्रांत वाचतोंच. पण पैशापासून खेळ राखावयाचा म्हणून आपण जी भिंत बांधतों, तिच्या बाहेर कोण राहिलें हेंहि एकदां फिरून पाहिलें पाहिजे. ज्याच्या पोटाची सोय दुसऱ्यानें केलेली आहे त्यास हौस सहज परवडते. खेळच काय, संगीत, विद्या, समाजसेवा, यांतहि 'आम्ही पैशासाठीं करीत नाहीं' असें म्हणणारांनीं हा हिशेब तपासून पाहावा. आपल्या घरांतून, मंडळांतून, संस्थांतून असे किती नियम आहेत, जे कोणीं केले तें ठाऊक नाहीं, पण कोणास बाहेर ठेवितात तें मात्र सर्वांस ठाऊक आहे?

मुलाचा प्रश्न अजून उत्तरावांचून राहिला होता. मीं त्यास सांगितलें, "बाळ, पैसा नव्हता तेव्हां खेळ शुद्ध होता, असें मी आजवर सांगत आलों. तें पुरतें खरें नव्हतें. पुष्कळांना तो खेळावयासच मिळत नव्हता."

नाना कांहीं वेळ झोपाळ्याच्या कडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या मुलाचें नांव आठवतें का तुला?" मीं म्हटलें, "आठवतें." "मग पत्ता काढ," ते म्हणाले. जुन्या विद्यार्थ्यांपैकीं दोघांस मीं काल पत्रें घातलीं आहेत.